जाऊन-येऊन

सलील दाबकेला आपल्या लेकीसाठी विजेची सायकल घ्यायची होती, आणि त्याची अट एकच होती. सायकल न्यू टाऊनहून बागबाजारला आली पाहिजे आणि त्याच बॅटरीवर परत गेली पाहिजे, मध्ये कुठे चार्जिंगला लावावी लागू नये. रंग कुठला, गिअर किती, पुढे टोपली आहे की नाही, हे सगळं मागाहून. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या तो विचारायचा, "जाऊन-येऊन पुरेल का?"

न्यू टाऊनला त्याची मुलगी आभा राहायची, आईजवळ. बागबाजारला तो राहायचा, एकटा. मध्ये अख्खं उत्तर कोलकाता.

आभा बालवाडीत असताना ही तिघं पुण्याहून इकडे आली. सुरुची सरकारी बँकेत अधिकारी, तिची बदली झाली. सलीलनं मग सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत नोकरी धरली आणि तोही आला. पुढे त्यांचं फाटलं. लोक म्हणायचे, परक्या गावात माणसं एकटी पडतात, त्याचा परिणाम. तसं काही नव्हतं. भांडण त्यांनी पुण्याहूनच सामानात बांधून आणलं होतं, इथे फक्त ते उलगडलं. कोर्टात आरडाओरडा झाला नाही. आभा आईजवळ राहील, रविवार बापाचा, आणि मुलीला शहराबाहेर न्यायचं असेल तर दोघांची संमती लागेल, असं ठरलं आणि दोघं दोन दिशांना गेली.

तेव्हापासून सलीलचा आठवडा म्हणजे एक रविवार आणि त्याची वाट बघणारे बाकीचे दिवस. सकाळी तो न्यू टाऊनला जायचा, सोसायटीच्या फाटकाशी उभा राहायचा. वर कधी गेला नाही. आभा खाली आली की टॅक्सीनं दोघं बागबाजारला यायची. घरमालकीण माशीमा खाली राहायच्या, सत्तरी उलटलेल्या. आभा आली की त्या मोहरीतला मासा करायच्या आणि ती तो बोटं चाटत खायची. सुरुचीच्या घरी मासे चालत नसत. "आईला नको सांगूस हं," सलील डोळा मारून म्हणायचा. त्याला ती बापलेकीची गंमत वाटायची. संध्याकाळी पुन्हा टॅक्सी, पुन्हा फाटक. आणि वाटेत कधीतरी, खिडकीबाहेर बघत, सहज विचारल्यासारखं, "आई काय म्हणते?"

"काही नाही," आभा म्हणायची.

सायकलीची कल्पना मूळ तिचीच. मागच्या हिवाळ्यात टॅक्सी उल्टाडांग्याच्या चौकात अडकून पडली होती, हॉर्न वाजत होते, आणि ती वैतागून म्हणाली, "मला सायकल असता ना, तर मी कधीच पोचले असते."

"असती," सलील म्हणाला. बंगालीत लिंगाची भानगड नसते. इथे वाढलेल्या आभाच्या मराठीत सायकल कधी तो असायची, कधी ती. पण दुरुस्ती करता करता तिचं वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं. स्वतःची सायकल असली तर तिला रविवारची वाट कशाला बघायला लागेल? शाळा सुटल्यावर मनात आलं की येईल. बुधवारी येईल. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गल्ली दिसायची. तिथे तिच्या घंटीचा आवाज येईल, असं चित्र तो ऑफिसात बसून बघत राहायचा.

दहावीची परीक्षा संपली तसं त्यानं मनावर घेतलं. कमी वेगाच्या असल्या सायकलींना परवाना लागत नाही, हे त्यानं शोधून काढलं. मग धीर करून सुरुचीला मेसेज केला. तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं, "बघा. तिला आवडली तर." सलीलनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. एरवी साध्या सहलीसाठी ती दहा प्रश्न विचारी. त्याला वाटलं, चला, माणसं वयानं मऊ होतात.

सॉल्ट लेकमध्ये करुणामयीजवळ तपन साहांचं सायकलींचं दुकान होतं. एप्रिलचा घाम सुरू झाला होता, म्हणून तपनदा रविवारी दुकान भल्या सकाळीच उघडायचे. पहिल्या रविवारी त्यांनी निळी सायकल काढली. हिला मोटरसायकलीसारखी मूठ होती. पिळली की पायडल न मारताच पळायची. आभानं बाजूच्या शांत रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या, परत आली आणि उतरली.

"कशी आहे?"

"ब्रेक वाजते."

"वाजतो."

"हां, वाजतो. आणि एकदम उडी मारते ही. मला भीती वाटला."

सलीलनं स्वतः चालवून बघितली. ब्रेक किंचित कुरकुरत होता. घासून दोन दिवसांत गप्प झाला असता. पण मुलगी घाबरते म्हटल्यावर विषय संपला. शिवाय तपनदांनीच कबूल केलं, की नुसती मूठ पिळत गेलं तर हिची बॅटरी जाऊन-येऊन पुरायची नाही. पाय चालवावे लागतील.

पुढच्या रविवारी काळी, घडी होणारी. चाकं लहान, दिसायला चुणचुणीत. आभा म्हणाली हँडल थरथरतं. सलीलनं चालवली तर हँडल ठाम होतं. त्याच्या पुढच्या रविवारी लाल, पुढे वेताची टोपली, मधला दांडा खाली वाकवलेला. पायडल मारलं की क्षणभर थांबून मोटर मागून ढकलायची. सलीलला ती फार आवडली.

"जड आहे," आभा म्हणाली. "सोसायटीत वर कसा नेणार?"

"लिफ्ट आहे की तुमच्याकडे."

"लिफ्ट बंद पडते."

तपनदांनी कपाळावरचा घाम पुसला आणि हसून म्हणाले, "दादा, आपकी बेटी सायकल लेने आयी है या पास-फेल करने?" सलीललाही हसू आलं. खरं तर त्याला अभिमान वाटत होता. आपणही असेच, चप्पल घ्यायची तर चार दुकानं पालथी घालणार. परत येताना तो तिला समजावत राहिला, निळीची ताकद आणि काळीची चाकं आणि लालची टोपली अशी एक सायकल कोणी का बनवत नाही. आभा मान हलवत होती. अकरावीला हीच शाळा ठेवायची का, असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "निकाल तर लागू दे," आणि काच खाली करून तोंड बाहेर काढून बसली.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तपनदांचा फोन आला. नवा माल आलाय, या.

ही सायकल करडी होती. दिसायला साधीच, लांबून बघणाऱ्याला ही विजेची आहे हे कळलंही नसतं. तपनदांनी सांगितलं, हिला तुमच्या पायाचा जोर कळतो. जितकं दाबाल तितकंच ती मदत करणार, कमी नाही, जास्त नाही. आभानं पाय टाकला आणि गेली. कोपऱ्यावरून वळली, दिसेनाशी झाली, आणि पलीकडून परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. सलीलला बघताच तिनं ते आवरलं, पण त्यानं पाहिलं होतं.

"काय?"

"ठीक आहे," ती म्हणाली.

"नुसती ठीक?"

"इथे काय कळणार, बाबा. दोन गल्ल्या."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं, की चुकलं. कारण सलीलचे डोळे चमकले. तो तपनदांशी बाजूला जाऊन बोलला, आपलं ओळखपत्र त्यांच्या गल्ल्यावर ठेवलं, आणि दुपारपर्यंत करडी सायकल घेऊन जायची परवानगी मिळवून आला. आणि निळीसुद्धा, त्याच्यासाठी. "खरीखुरी परीक्षा," तो म्हणाला. "आधी तुझ्या फाटकापर्यंत. तिथून बागबाजार. आणि परत."

न्यू टाऊनला सायकलींसाठी वेगळी पट्टी होती, तिथवर सगळं सोपं गेलं. फाटकाला हात लावून ते उलटे फिरले. सॉल्ट लेकच्या झाडांखालून आले. उल्टाडांग्याला उतरून सायकली हातानं ओढत चौक पार केला; बसवाले ओरडत होते, सलील एक हात वर करून रहदारी थोपवत होता आणि आभाला म्हणत होता, माझ्या डाव्या बाजूला राहा. मग कालव्याकाठचा रस्ता लागला. पलीकडे झोपड्यांतून चुलींचा धूर निघत होता, पोरं नळावर अंघोळी करत होती. रस्ता मोकळा होता.

तिथे आभानं सायकल सुसाट सोडली. सलील निळीची मूठ पिळत मागे राहिला, कारण त्याला तिला मागूनच बघायचं होतं. शर्ट पाठीला चिकटलेला, केस सुटलेले, कोपरं बाहेर काढून ती चालली होती आणि मध्येच मोठ्यानं काहीतरी गात होती, बंगालीत, त्याला शब्द लागत नव्हते. एका वळणावर ती मागे बघून ओरडली, "बाबा, तुझी निळी म्हातारी झाली!" सलील इतका हसला, की निळी डगमगली. ह्या कालव्याच्या आसपासच कुठेतरी कंपनी सरकारनं मराठ्यांच्या भीतीनं खंदक खणला होता. आभा लहान असताना तो तिला सांगायचा, बघ, मराठी माणसाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून खणलेला खंदक, आणि तुझा बाप त्याच्याच तोंडाशी भाड्यानं राहतो. आज सांगायला सवड नव्हती. ती फार पुढे गेली होती.

बागबाजारच्या घाटावर ते पोचले तेव्हा नदीला भरती होती. माणसं स्नानं करून परतत होती. सलीलनं वाकून करडीचा छोटा पडदा बघितला. बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती.

"आभा!" त्यानं खरोखर टाळी वाजवली. "अगं, जाऊन-येऊन! आणि वर उरते!"

आभा पायरीवर बसली होती. त्यानं दोन्ही सायकली भिंतीला टेकवल्या आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

"आता सांग. हिच्यात काय खोट?"

ती नदीकडे बघत होती.

"सांग की. ब्रेक? हँडल? सीट?"

"काही नाही," आभा म्हणाली. "हिच्यात काहीच वाईट नाहीये, बाबा." आणि तिचा चेहरा एकदम चुरगळला. तिनं गुडघ्यांत डोकं घातलं आणि हमसून हमसून रडायला लागली.

सलील घाबरला. वाटेत कुठे लागलं, कोणी काही बोललं? त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती गुडघ्यांतूनच म्हणाली, "आईची बदली होणार आहे. नाशिकला. जूनमध्ये. आईनं मागून घेतली."

नाशिकला सुरुचीची आई होती, निर्मलाताई, एकट्या राहणाऱ्या. थोरली बहीणही तिथेच. सलीलला आधी फक्त तेवढंच आठवलं. मग बाकीचं एकेक जागच्या जागी बसत गेलं. पाच मिनिटांत आलेलं ते उत्तर. लागू दे म्हटलेला निकाल. वाजणारा ब्रेक, थरथरणारं हँडल, बंद पडणारी लिफ्ट.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"परीक्षा संपली तेव्हापासून. मीच आईला म्हटलं, मी सांगते. मग दर रविवारी मी सांगणार असायची, आणि तू सायकल दाखवायला न्यायचास." ती नाक ओढत म्हणाली, "मला वाटलं, एकही पसंत केली नाही तर तू घेणार नाहीस. म्हणजे मग निदान तुझे पैसे तरी..."

सलील उठला. पायऱ्या चढून रस्त्याच्या कडेला गेला आणि त्यानं सुरुचीला फोन लावला.

"तिनं सांगितलं ना," सुरुचीनं उचलताच विचारलं.

"हे मला तू सांगायचं होतंस."

"हो. पण ती ऐकेना. म्हणाली, आई, तू सांगितलंस की तो फक्त चिडेल. दर रविवारी घरी येते आणि म्हणते, आज नाही जमलं."

"आणि तू मला सायकली बघत फिरू दिलंस? मूर्खासारखा?"

"काय करायला हवं होतं मी? नको म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, सुरुची आडवी येते." तिचा आवाज चढला नाही, सलीलला तो चढायला हवा होता. "हे बघ सलील, तुझ्या संमतीशिवाय मी तिला नेऊ शकत नाही, ते आपलं ठरलंय. तू नाही म्हणालास तर मी बदली परत फिरवीन. खरंच फिरवीन. पण ते आत्ता मला सांगू नकोस. आधी तिला विचार."

"तिला काय विचारायचं? ती रडतेय इथे."

"कशासाठी रडतेय, ते विचार," सुरुची म्हणाली, आणि तिनंच फोन ठेवला.

तो परत पायऱ्या उतरून आला. मनात त्याचं ठरलं होतं. नाही म्हणायचं. कायदा त्याच्या बाजूला होता, मुलगी त्याच्या बाजूला रडत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

"हे बघ, मी नाही म्हटलं तर तुला कोणी कुठे नेऊ शकत नाही. आई स्वतः म्हणाली. तू इथेच राहशील. कळलं? तुला जायचं नाहीये ना?"

आभानं मान खाली घातली.

नदीवरून फेरीची लाँच भोंगा देत धक्क्याला लागली, माणसं चढली, उतरली, लाँच निघाली. सलीलच्या हातातले तिचे हात गार पडले होते.

"आभा?"

"मला जायचंय, बाबा," ती अगदी हळू म्हणाली.

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मला तू आवडतोस," ती घाईनं बोलायला लागली, जणू आता थांबली तर पुन्हा कधी जमणार नाही. "खूप आवडतोस. पण माझा पोट शनिवारपासून दुखतो. दर शनिवारी. तुझ्याकडे मासे खाल्ले ते तिला नाही सांगायचं. तिच्याकडे कोण आलं, ती कोणाशी बोलली, ते तुला नाही सांगायचं. तू विचारतोस आई काय म्हणते. मी घरी गेले की ती विचारते बाबा काय म्हणाला. मग मी म्हणते काही नाही. मी दोघांना काही नाही काही नाही म्हणत बसते. आणि संध्याकाळी तू फाटकाशी उभा असतोस, मी वर गेले तरी उभा असतोस, मला गॅलरीतून दिसते. मग मला झोप येत नाही. मला एका घरात राहायचंय. एकाच. आजी आहे, मावशी आहे, कोणालाच सोडून निघायचं नाही असा."

सलीलनं एकही शब्द दुरुस्त केला नाही. त्याच्या तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच. "मी येतो की मग नाशिकला. नोकरी काय, कुठेही बघता येते. तिथेच घर घेतो, जवळपास."

आभानं त्याच्याकडे बघितलं. सोळा वर्षांच्या मुलीनं बापाकडे तसं बघू नये. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

"नको ना," ती म्हणाली. "मग तिथेपण रविवार होणार."

सलील खाली बसला, ओल्या पायरीवरच. त्यानं मनाशी बांधलेला बुधवार, खिडकीखालची घंटी, सगळं त्याला आता आभाच्या बाजूनं दिसलं. तो तिला सायकल देत नव्हता, खेप देत होता. आठवड्यातून एकदा जिचं पोट दुखायचं, तिला तो हवी तेव्हा खेप करायची सोय करून देत होता आणि वर टाळ्या वाजवत होता. त्याला लेकीला जवळ घ्यायचं होतं, पण तोही तिच्यावर भारच होईल असं वाटून तो नुसता बसून राहिला. शेवटी आभाच सरकली आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. दोघं रडली. अंघोळीला आलेल्या एका बाईनं जाता जाता विचारलं, कोणी गेलं का हो घरातलं? सलीलनं मान हलवून नाही म्हटलं.

सायकली परत करणं भागच होतं. ऊन चढलं होतं. येताना सलीलनं मूठ पिळतच मजा केली होती, त्यामुळे कालवा संपायच्या आत निळीची बॅटरी मान टाकून मोकळी झाली. बॅटरी संपलेली विजेची सायकल म्हणजे नुसतं लोखंड. एकेक पायडल मारताना मांड्या भरून यायच्या. आभा पुढून वळून आली.

"बाबा, बदलू या. तू ही घे."

"नको. तू चालव."

"तुला दम लागलाय."

"तू चालव, आभा."

तिनं हट्ट केला नाही. ती करडीवर त्याच्या शेजारून हळूहळू चालवत राहिली, इतकी हळू, की तोल जाऊन तिला मध्येच पाय टेकावा लागे. सलील धापा टाकत होता आणि त्याला ते बरं वाटत होतं. घाम सगळ्या चेहऱ्यावर होता, त्यात बाकीचं खपून जात होतं.

तपनदांनी दोघांना बघितलं आणि टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला. "बोलिये, कौनसी पॅक करें?"

"कोई नहीं," सलील म्हणाला.

तपनदांचा चेहरा पडला, मग ताठ झाला. इतके रविवार त्यांनी एकेक सायकल बाहेर काढली होती, पुसली होती. "दादा, ये तो ठीक बात नहीं हुई," ते म्हणाले. सलील काही बोलणार तेवढ्यात आभाच बंगालीत त्यांना म्हणाली, की काका, आमी चोले जाच्ची. मी हे शहर सोडून चाललेय, बाबांना माहीत नव्हतं, चूक माझी आहे. तपनदांनी तिच्याकडे बघितलं, सलीलकडे बघितलं. मग त्यांनी मुकाट्यानं गल्ल्यातून ओळखपत्र काढून दिलं आणि निळी आत नेऊन चार्जिंगला लावली.

संमती द्यायला सलीलला आठवडा लागला. ऑफिसात तो एका वकिलाचा नंबर काढून बसला होता, लावला नाही. नाही असं सुरुचीला दोनदा लिहिलं आणि पुसलं. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या गोंगाटात बसून त्यानं लिहिलं, "ने तिला." पाठवलं, ताट तसंच ठेवलं आणि जिन्यात जाऊन उभा राहिला.

उरलेल्या रविवारी तो आभाला घ्यायला गेला, पण तिला काही विचारलं नाही. दोघं नुसती हिंडायची. शेवटच्या आठवड्यात सुरुचीनं त्याला वर बोलावलं, सामानाला हात लावायला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्या घरात गेला, तर घरात फक्त खोके होते. त्यानं पुस्तकांचे खोके दोरीनं बांधले. सुरुचीनं चहा दिला. "तू बरा राहशील ना?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "हो." दोघांनाही ते खरं नाही हे माहीत होतं, आणि त्यावरून भांडण झालं नाही.

विमानतळावर दाराशी फार गर्दी होती. ढकलगाडीवर सामान रचलेलं, मागून लोक घाई करत होते. आभानं त्याला मिठी मारली आणि सोडेना. सुरुचीनं तोंड फिरवलं. शेवटी सलीलनंच तिचे हात मानेभोवतून सोडवले. "जा," तो म्हणाला. "आजी वाट बघत असेल." ती आत गेली. काचेमागे काही वेळ तिची पाठ दिसली, मग एक मोठं कुटुंब मध्ये आलं आणि ते बाजूला होईपर्यंत ती दिसेनाशी झाली होती. शिपायानं त्याला दारातून हटायला सांगितलं. तो हटला, आणि विमान सुटायची वेळ टळून गेली तरी खांबाला टेकून उभा राहिला.

घरी आला तेव्हा माशीमा दारातच बसल्या होत्या. त्यांना गुडघ्यांमुळे उठवत नव्हतं, त्यांनी खालूनच त्याचा हात धरला.

"गेली?"

"गेली."

"आता कधी येणार?"

सलीलला काही तरी सांगायला हवं होतं. म्हातारीचे डोळे आधीच भरले होते.

"पूजोय आशबे," तो म्हणाला. दुर्गापूजेला येईल.

नाशिकच्या कॉलेजांना दुर्गापूजेची सुट्टी नसते, हे त्याला ठाऊक होतं. माशीमांना नव्हतं. त्या लगेच बोटांवर महिने मोजू लागल्या, आषाढ, श्रावण, भाद्र, आश्विन, आणि म्हणाल्या, मग काय, आलीच की. तोवर हे गुडघे नीट करून घेते, पोरीला मंडप दाखवायला मीच नेईन. सलील हो हो म्हणत त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. वर जायचं त्याच्यानं होईना.